साडेतीन फुटांखालचे खूर

सरुबाई, काल पिंपरीत तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो. जे बोललो ते तुमच्यासमोर बोलायला हवं होतं. सोळा-सतरा वर्षं होती, रोज एक वाक्य बोललो असतो तरी जमलं असतं. आता तुम्ही ऐकायला नाही, म्हणून हे लिहितो आहे. सवयीनं वाटतं की मधेच तुम्ही हात वर करून म्हणाल, "मातीवाले, सरळ सांगा की." मला त्या नावानं हाक मारणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. घरी मी वेगळा होतो, ऑफिसात वेगळा. मातीवाले फक्त तुमच्या बांधावर.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी शेतकी कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, चिंचवडच्या एका कारकुनाचा मुलगा. तालुक्याच्या मातीची पाहणी चालू होती. कुठली जमीन किती खोल, तिच्यात ओल किती टिकते, काय पिकेल, हे बघायचं. मग तिला एक ते आठ यांतला वर्ग द्यायचा आणि नकाशात त्या वर्गाचा रंग भरायचा. एक म्हणजे सोन्यासारखी, आठ म्हणजे दगड. इंद्रायणीच्या अलीकडे, चाकणच्या रस्त्याला तुमचं गाव. सगळा माळ मुरमाड. वीतभर खणलं की फावडं खणखणायचं. मी गावच्या चावडीपाशी सहावा वर्ग, सहावा वर्ग असं लिहीत बसलो होतो. तिथल्या एकानं तुमच्या शेताकडे बोट दाखवून सांगितलं, "तिकडं खड्डा घेऊ नका सायेब. हाडोळा हाय त्यो."

हाडोळा म्हणजे तुमच्या लोकांना गावानं वतनात दिलेली जमीन. गावात जनावर मेलं की तुमच्या लोकांनी ते ओढत तिथं न्यायचं, ही रीत किती पिढ्यांची ते कुणाला माहीत नव्हतं. मी गेलो तेव्हा वतन संपलेलं होतं, अडीच एकर तुमच्या नावावर होतं. मालक वारलेले, मुलगा अशोक शाळेत. उन्हाळ्याचे दिवस होते. तुम्ही एकट्या नांगरटीत वाकून काहीतरी वेचत होता. मला वाटलं भुईमुगाच्या राहिलेल्या शेंगा असतील. जवळ आलो तर पाटीत हाडं होती. स्वच्छ, पांढरी, कुठं मणका, कुठं फरा, कुठं जबडा.

"दरवर्षी वेचता?" मी विचारलं.

"दरवर्षी वेचते. दरवर्षी वर येत्यात."

"अजून टाकतात का इथं कोणी?"

"छप्पन साली धम्म घेतला तवापासनं आमी ढोरं वढायची सोडली. पन ढोरांनी आमाला सोडलं न्हाई."

हे तुम्ही हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोललात. मी लगेच शिकवायला लागलो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांतून वरची माती खाली जाते, पावसात ती फुगते आणि खालचं वर ढकलते. काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते. म्हणून दगड वर येतात, हाडं वर येतात. तुम्ही शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "म्हंजी त्यास्नी वर यायचं हाय, आन माती त्यास्नी वाट देती. हेच की."

मग विचारलंत, "पानी चालंल का आमचं?" मी म्हणालो, माझ्याकडे बाटली आहे. बाटली रिकामी होती, सरुबाई. ते तुम्हाला दिसलं होतं, मला तेव्हाही कळलं. पुढं कितीदा तुमच्या घरी जेवलो, पण त्या पहिल्या दिवसाबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही नाही.

माझ्याबरोबर दोन मजूर होते. तुमच्याच परवानगीनं शेताच्या मध्यावर खड्डा घेतला, माणूस आत उभा राहून खणू शकेल एवढा रुंद. मी खाली उतरून सुरीनं भिंत साफ केली. अशी माती मला त्या सगळ्या माळावर दुसरीकडे दिसली नाही. तीन फूट गच्च काळी, बोटांत घेतली तर लोण्यासारखी मऊ. आम्लाचा थेंब टाकला की फसफसायची, इतका चुना. आजूबाजूला नुसता मुरूम आणि मधे हे खोलगट भांडं, शतकांच्या हाडांनी भरलेलं. कुणी पिकवायला धजलं असतं तर तालुक्यात तोड नव्हती. तुम्ही पिकवत होता. कांदा, ज्वारी, थोडी वांगी. पण हाडोळ्यातली वांगी म्हणून गावात कुणी घ्यायचं नाही, तुम्ही ती डोक्यावर घेऊन चाकणच्या बाजारात न्यायचा. तिथं कुणी गावाचं नाव विचारलं की तुम्ही दुसऱ्याच गावाचं नाव सांगायचा.

साडेतीन फुटांवर फावड्याचा आवाज बदलला. खाली राखाडी चिकणमातीचा थर होता, आणि त्याच्यावर पिवळसर पोयटा बसलेला. पोयटा सुरीच्या टोकानं उचलला तर पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली खूर उमटलेला होता. गाईगुरांचा, दुभंगलेला, कडा इतक्या धारदार की जनावर नुकतंच पुढं गेलं असावं. शेजारी दुसरा, पुढं तिसरा. खड्ड्याच्या तळाला मी अकरा मोजले. अकराही मावळतीकडे तोंड करून. एकही उलटा नाही, एकही आडवा नाही.

ठसा तिथं असायलाच नको होता. त्याच सकाळी मीच तुम्हाला सांगितलं होतं, ही माती सगळं घुसळून टाकते, काही जागच्या जागी राहू देत नाही. आणि तिच्या पोटात हे कुणी हात न लावल्यासारखं जपलेलं. दोन्ही मजूर वर चढले. पुन्हा खाली उतरले नाहीत. मी एकटाच खाली उभा होतो. वर भर दुपारचं ऊन होतं, आणि माझ्या पायांना गार लागत होतं.

तुम्ही काठाला येऊन बसलात.

"किती हायती?"

"अकरा."

"दिसनारी अकरा," तुम्ही म्हणालात.

आपला वाद तिथं सुरू झाला आणि तो मिटलाच नाही. मी म्हणायचो, जुन्या काळी कधी तरी दुष्काळ पडला असेल, इथं खोलगट जागेत थोडा चिखल उरला असेल, गुरं पाण्याच्या वासानं आली असतील. मग पूर आला, गाळ बसला, ठसे झाकले गेले. तुम्ही म्हणायचा, "आली आसतील तर परत गेल्याली पावलं कुठं हायत?" मी म्हणायचो, बाजूला असतील, सगळं शेत कुठं खणलं आपण. तुम्ही म्हणायचा, "न्हाईतर आजून जायाची हायत."

"कोण?"

"चालत्यात ती. वर यायला लागत्यात तेवढी वरसं लागत्यात."

नोंदीच्या कागदावर खोली, रंग, पोत, चुना यांचे रकाने होते. खुरांचा नव्हता. मी लिहिलं, "खालचा थर चिकण, दाबलेला." आणि वर्ग लिहिला दुसरा. खड्डा बुजवला. काढलेलीच माती परत भरली तरी ती कमी पडली, वरचा वीतभर खड्डा तसाच राहिला. मजूर म्हणाले, कुठं गेली माती? मी म्हणालो, दाबून भरली म्हणून. आम्ही दाबली नव्हती.

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला सांगितली नाही.

पावसाळ्यात ऑफिसात बसून नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या साहेबांचा एक नियम होता, आणि तसा तो चुकीचाही नव्हता. नकाशावर मसुरीच्या दाण्याएवढं न भरणारं शेत वेगळं दाखवायचं नाही. नाहीतर नकाशा ठिपक्यांनी भरून जातो, कुणाला वाचता येत नाही. ते शेजारच्या जमिनीत मिसळून टाकायचं. तुमचं अडीच एकर मसुरीपेक्षा लहान होतं. मी साहेबांना म्हणालो, हे एवढं दाखवू या, असं शेत अख्ख्या माळावर नाही. त्यांनी विचारलं, कुठलं? मी सांगितलं. ते म्हणाले, "हाडोळा ना? मिसळून टाका." मी पुढं बोलू शकलो असतो. खड्ड्याचा कागद दाखवू शकलो असतो. मी पेन्सिलीची रेघ खोडरबरानं पुसली आणि सगळ्या माळावर सहाव्या वर्गाचा तांबूस रंग एका दमात फिरवला. कोपऱ्यात सही केली. घरी जाऊन जेवलो.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की हा नकाशा पुढं कुठं कुठं जाणार आहे. असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर कारखान्यांसाठी माळ घ्यायचा, चांगली जमीन शक्यतो सोडायची, अशी बोलणी तेव्हाही ऑफिसात कानावर येत होती.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मी तुमच्याकडे वारंवार यायला लागलो होतो. कामासाठी नाही. मला ते शेत बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचं नाही. सगळा माळ भाजून निघालेला, विहिरींचा तळ दिसत होता, आणि मधे तुमचं अडीच एकर हिरवं. ज्वारी कमरेएवढी. वारा नसतानाही मधली चार-पाच ताटं हलायची, मग थोडी पुढची, मग त्याच्या पुढची, कुणी आतून चालत जावं तशी. मी म्हणालो, उंदीर असतील. तुम्ही म्हणालात, "असतील." खालच्या चिकण थरावर ओल अडून राहते, मुळं तिथवर जातात, हे मी तुम्हाला समजावलं. गावात मात्र वेगळंच बोलत होते. मेलेली ढोरं सरुबाईला पाणी आणून देतात म्हणायचे. त्याच लोकांच्या गुरांना तुम्ही कडबा दिलात. भारे बांधताना मी मदत केली, आणि त्या दिवशी तुमच्या हातची भाकरी पहिल्यांदा खाल्ली. तिची चव अजून सांगू शकतो, किंचित खारट. मातीत चुना जास्त असला की असं होतं का हे मला माहीत नाही, पुस्तकात तसं कुठं नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत नोटीस आली. जमीन हलकी, सहाव्या वर्गाची, शेतीस अयोग्य. तुम्ही तो कागद माझ्यापुढं धरलात. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण मी वाचत असताना तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय लिवलंय?"

"माळ घेणार आहेत. सगळाच."

"आमच्या शेताचं काय लिवलंय?"

"वेगळं काही नाही लिहिलेलं."

एवढंच मी बोललो. शब्दाशब्दाला खरं होतं.

मी अर्ज लिहून दिला, दोन-तीनदा साहेबांना भेटलो, तोपर्यंत साहेबही दुसरे आलेले. ते नकाशाकडे बोट दाखवायचे. माझ्याच सहीकडे.

तुम्ही अशोककडे पिंपरीला राहायला गेलात. तो कंपनीत लागला होता. एका रविवारी तो माझ्या घरी आला, म्हणाला, आईला शेत बघायचं आहे, काम सुरू झालं आहे म्हणतात, माझी ड्यूटी आहे, तुम्ही नेता का? आपण दोघं गेलो. राखणदार तुमच्याच गावचा, त्यानं सोडलं. शेताचा बांध नव्हता, बाभळ नव्हती. पायासाठी लांबच लांब चर खणले होते, मुरमाच्या ढिगांमधून जावं लागत होतं. शेत कुठलं ते मला ओळखू आलं नाही. तुम्ही सरळ चालत गेलात आणि एका चरापाशी थांबलात. आतली माती काळी होती.

चर जेमतेम गुडघ्याच्या वर. साडेतीन फुटांवरचा राखाडी थर इथं दीड फुटावर, तळालाच दिसत होता. यंत्रानं वरची माती खरवडून नेली असणार. असणारच. मी तुम्हाला तसं सांगितलंही. पण चराच्या कडेला जुन्या पिकाची धसकटं जागच्या जागी होती, मुळांसकट, आणि ती मी तुम्हाला दाखवली नाहीत.

चराच्या तळाला खूर होते. खणणाऱ्यांच्या पायांखाली काही मोडलेले, पुष्कळसे साबूत. तुम्ही पदर खोचून खाली उतरलात. मी हात देण्याआधीच.

"उगवतीकडं तोंड हाय," तुम्ही म्हणालात.

मी बघितलं. सगळे उगवतीकडे. मी म्हणालो, ही परतीची वाट असेल, पाणी पिऊन परत निघाली असतील, तुम्हीच विचारत होता ना परतीची पावलं कुठं आहेत. तुम्ही ऐकत नव्हता. वाकून चराच्या एका बाजूनं चालत होता, आणि मग बसलात. गुरांच्या मधे एक माणसाचं पाऊल होतं. अनवाणी. त्याच्या पुढं दुसरं.

"बाई हाय," तुम्ही म्हणालात. "टाच बघा किती रुतलीया. डोईवर वझं हाय तिच्या."

तुम्ही डोक्यावर पाटी घेऊन सगळी हयात चालला होता, तुम्हाला ते वाचता येत होतं. तुम्ही तिच्या पावलांशेजारून उकिडव्याच सरकत गेलात. सात-आठ पावलं. मग थांबलात. तिथं दोन्ही पावलं जोडलेली होती, खोल, एके जागी बराच वेळ उभं राहिल्यासारखी. पुढचं पाऊल उथळ होतं. त्याच्या पुढचंही.

"हितनं म्होरं वझं न्हाई," तुम्ही हळू म्हणालात. "ठेवलं हितंच."

जोडपावलांच्या समोर चराची भिंत होती, कुणी न खणलेली. माझ्या हातात सुरी होती, कधी उघडली कळलं नाही. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "हात लावू नगा. तिनं ठेवलंय ते."

मला वाटलं, आता सांगावं. मी म्हणालो, "सरुबाई, तो नकाशा..."

"गप जरा. ऐकू द्या."

 भिंतीतून ओली ढेकळं गळत होती. एक, मग एक, मग एक. सारख्या अंतरानं, आणि आवाज थोडा थोडा आपल्यापासून लांब जात होता. भिंत उघडी पडली की ढेकळं गळतातच. मी आजही तेच म्हणतो. तुम्ही मान खाली घालून बसला होता, तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत. मग म्हणालात, "चला. गेली."

त्या आठवड्यात तिथं काँक्रीट ओतलं.

पुढची वर्षं मी पिंपरीला तुमच्या खोलीवर येत राहिलो. तुम्ही गॅलरीत डब्यात मेथी लावायचा आणि मला शिव्या घालायचा, "ही काय माती हाय व्हय? धूळ हाय ही." मी कासारवाडीच्या मळ्यातून पोतंभर चांगली माती आणून दिली. तुम्ही ती नाकाशी धरलीत, चिमूटभर जिभेवर ठेवलीत, म्हणालात, "बरी हाय." तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होतो. मला मातीचं जे काही कळतं त्यातलं निम्मं तुमच्याकडून आलं. जमिनीला काय येतं हे सगळे विचारतात, तिनं काय बघितलंय हे विचारायला तुम्ही शिकवलंत. त्या चराबद्दल आपण बोलायचो, वाद घालायचो, आवाज चढायचा, सूनबाई हसायची. नकाशाबद्दल मी बोलायचो नाही. दर वेळी जिना चढताना ठरवायचो, आणि तुम्ही दार उघडून "या मातीवाले" म्हणालात की राहून जायचं.

अशोकनं सांगितलं, शेवटचे दोन दिवस तुम्ही सारखं खाट सरकवायला लावत होता. दारासमोरून काढा, वाट द्या, जाऊ द्या त्यांना. कुणाला, असं त्यानं विचारलं तर म्हणालात, लई हायत, मोजू नका. त्यांनी खाट भिंतीला लावली. मग दुपारी तुम्ही दाराकडे बघत हाताचे पंजे आपल्याकडे ओढून घेतलेत, गर्दीत पाय वाचवतात तसे पायही ओढून घेतलेत. नंतर चेहरा मोकळा झाला. अशोक म्हणाला, "जाताना आई कुणासाठी तरी थांबल्यासारखी दिसली नाही. कुणाबरोबर तरी निघाल्यासारखी दिसली."

मग त्यानं मला विचारलं, हे काय होतं, तुम्हाला माहीत असणार. मी त्याला खड्ड्याचं सांगितलं, चराचं सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, आमची जमीन खरंच हलकी होती का? आई नेहमी म्हणायची, हलकी न्हाई."

मी सांगितलं, दुसरा वर्ग होता. तीन फूट खोल काळी, दुष्काळात ओल धरणारी.

"मग नकाशात?"

"मी पुसली."

सूनबाईनं गॅस बंद केला. मशीनचं तेल नखांत राहतं ते अशोक काढत होता.

"आईला माहीत होतं?"

"नाही. मी सांगितलं नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "रविवारी कार्यक्रमाला बोलणार आहात ना? मग हे बोला. मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

काल बोललो. चाळीसमोर मांडव होता, वंदना झाली, तुमच्या गावची मंडळी सतरंजीवर बसली होती. त्यांची शेतं त्याच माळावर होती, त्याच नोटिशीत गेली. मी खुरांबद्दल काही बोललो नाही, ते तुमचं आणि माझं. मी सांगितलं की सरुबाईंचं शेत उत्तम होतं, ते मला माहीत होतं, आणि नकाशावरून ते माझ्या हातानं गेलं. मग खाली बसलो.  मला वाटलं, संपलं, आता हलकं वाटेल.

मागच्या ओळीतले एक म्हातारे उठले, काठी टेकत. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"सायेब, सरुचं एक झालं. आमची व्हती ओढ्याकडंची, ह्या भिकाची व्हती टेकाडाखाली. तुमी तिथं खड्डं घ्यातलं व्हतं का?"

मी म्हणालो, कागद बघून सांगतो. ते "बरं" म्हणून खाली बसले. पण सरुबाई, कागद बघायची गरज नव्हती. त्यांच्या शेतांत आम्ही उतरलोच नव्हतो. रस्त्यावरूनच बघून रंग भरला होता.